पातं फिरतं, रडार फसतं

पुण्यात उंच काही बांधायचं म्हटलं की लोहगावचा विषय निघतोच. तिथली धावपट्टी हवाई दलाची आहे, नागरी टर्मिनल तिथं पाहुणं आहे. त्यामुळे उंचीचा ना हरकत दाखला इथं विमानतळ प्राधिकरणाकडून नाही, हवाई दलाकडून येतो. विमानतळांभोवतीच्या बांधकामाच्या उंचीवर मर्यादा घालणारी ३० सप्टेंबर २०१५ ची जीएसआर ७५१(ई) ही अधिसूचना बांधकाम व्यावसायिकांना तोंडपाठ असते. जागेचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, इमारतीची उंची, एवढं दिलं की परवानगीची वरची मर्यादा कळते. मजले तेवढेच.

पवनचक्कीचा अर्जही बरेच जण याच चालीवर भरतात. टोकाची उंची टाकली, दाखला मिळाला, काम झालं असं धरून चालतात. इमारत जागची हलत नाही, पवनचक्की मात्र फिरते, आणि लष्कराशी होणाऱ्या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा तिच्या उंचीपेक्षा त्या फिरण्यात असतं. उंचीचा दाखला एवढंच सांगतो की विमान तिला धडकणार नाही. रडारला ती काय दिसेल, याबद्दल तो गप्प असतो.

या विषयावर पुण्यात बोलायला निमित्त भरपूर आहे. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचं मुख्यालय हडपसरला, राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेचं, महाऊर्जाचं, कार्यालय इथंच, आणि लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालयही इथंच. हडपसरलाच ग्लायडिंग सेंटर आहे, म्हणजे बिनइंजिनाची विमानंही याच आकाशात. पवनचक्क्यांची पठारं मात्र दक्षिणेला, साताऱ्याकडे: वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर.

त्या पठारांवर नव्वदच्या दशकाअखेरीपासून उभी राहिलेली यंत्रं आजच्या मानानं खेळणी होती. ३५० किलोवॉटचं यंत्र, पात्यांचा व्यास तेहतीस-चौतीस मीटर, टोक शंभर मीटरांच्या आत. आजचं ३ मेगावॉटच्या वर्गातलं यंत्र घ्या. व्यास १४४ मीटर, हबची, म्हणजे पाती जिथं जोडलेली असतात त्या मध्याची, उंची १४० ते १६० मीटर, म्हणजे पात्याचं टोक २१२ ते २३२ मीटरांवर. डिसेंबर २०२३ च्या केंद्राच्या रिपॉवरिंग धोरणानं २ मेगावॉटपेक्षा लहान जुनी यंत्रं काढून मोठी बसवायला वाट मोकळी केली. जागा तीच, सातबारा तोच, रस्ता तोच. "इथं वीस वर्षं पवनचक्क्या आहेत, कुणी हरकत घेतली नाही," हा युक्तिवाद मग हमखास ऐकू येतो. तो टिकत नाही. जुनं यंत्र डोंगराच्या आडोशाला होतं म्हणून रडारला दिसत नव्हतं. नवं त्याच जागी उभं राहून दुपटीहून वर डोकं काढतं.

रडारला नेमकं काय दिसतं

रडार लहर सोडतं, परत आलेला पडसाद ऐकतं. डोंगर, इमारती, पाण्याच्या टाक्या यांचेही पडसाद येतातच. ते गाळायचे कसे? स्थिर वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता बदलत नाही, हलत्या वस्तूवरून परतलेलीची बदलते. डॉप्लरचा हा नियम वापरून रडार स्थिर ते सगळं टाकून देतं आणि हलतं तेवढं पडद्यावर ठेवतं. पन्नास-साठ वर्षं ही युक्ती छान चालली, कारण जमिनीला खिळलेली आणि तरीही विमानाच्या वेगानं हलणारी वस्तू जगात जवळपास नव्हतीच.

पवनचक्की नेमकी तशी आहे. १४४ मीटर व्यासाचा रोटर, म्हणजे पात्यांचं चाक, मिनिटाला साधारण ११ फेरे घेतो. रस्त्यावरून बघताना तो निवांत वाटतो. पण टोकाचा वेग काढा: ४५२ मीटरचा परीघ, साडेपाच सेकंदांच्या आत एक फेरा, म्हणजे सेकंदाला ८०-८५ मीटर, ताशी ३०० किलोमीटर. साधारण १० सेंटीमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे एस-बँडच्या रडारवर या वेगानं वारंवारतेत सुमारे १६०० हर्ट्झचा फरक पडतो. उतरत्या विमानाचा फरकही याच पट्ट्यातला.

त्यातून पात्याचा वेग एकच नसतो, ही खरी अडचण. मुळाशी तो जवळजवळ शून्य, टोकाशी ८५, आणि मधे सगळ्या पायऱ्या. एक पातं रडारकडे येत असतं तेव्हा दुसरं दूर जात असतं. त्यामुळे शून्यापासून दोन्ही बाजूंना सगळे वेग एकदम भरून येतात. "अमुक वेग गाळ" अशी चाळणी लावायला जागाच उरत नाही.

पडसादाचा आकारही लहान नाही. लढाऊ विमान रडारला काही चौरस मीटरांचं दिसतं. पोलादी मनोरा, नॅसेल (त्याच्या माथ्यावरची यंत्रपेटी) आणि पाती धरून मोठी पवनचक्की काही कोनांतून हजारो चौरस मीटरांची दिसू शकते. पाती काचतंतूंची असतात म्हणून रडारला दिसत नसतील, हा एक गोड गैरसमज आहे. आत बऱ्याचदा कार्बनच्या पट्ट्या असतात, वीज पडली तर जमिनीत न्यायला तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार असते, आणि काचतंतूही सगळी लहर आरपार सोडत नाहीत.

यात वाऱ्याची दिशा किती महत्त्वाची, हे साताऱ्याच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून सगळे रोटर पश्चिमेकडे तोंड करून उभे. समजा रडार उत्तरेला आहे. त्याला रोटर कडेनं दिसणार, म्हणजे पाती थेट त्याच्याकडे येताना आणि त्याच्यापासून दूर जाताना दिसणार. डॉप्लर पूर्ण. हेच रडार पूर्वेला असतं तर त्याला रोटरची पाठ दिसली असती, पाती आडवी फिरली असती आणि डॉप्लर बराच कमी भरला असता. आषाढ-श्रावणात वीज सगळ्यात जास्त, आणि उत्तरेकडच्या रडारला त्रासही तेव्हाच सगळ्यात जास्त. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन दिवस केलेली चाचणी दाखवून कुणी "काही अडचण नाही" म्हणत असेल, तर पहिला प्रश्न वाऱ्याच्या दिशेचा विचारावा.

पडद्यावरचं भुताचं विमान

विमानतळाजवळचं टेहळणी रडार मिनिटाला १२ ते १५ फेरे घेतं, म्हणजे दर ४-५ सेकंदांनी एकाच दिशेला एकदा बघतं. झोताची रुंदी दीड अंशाच्या आसपास. एका पवनचक्कीवर तो झोत जेमतेम १७ ते २१ मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात पात्याचं टोक दीड मीटरभर सरकतं. त्या क्षणी पातं नेमकं लखलखणाऱ्या कोनात असेल तर ठिपका उमटतो, नसेल तर नाही.

आता एका रांगेत ७२० मीटर अंतरावर यंत्रं उभी आहेत असं धरा. १४४ मीटर व्यासाला पाचपट अंतर म्हणजे तेवढंच. पहिल्या फेऱ्यात पहिलं यंत्र चमकलं, चार सेकंदांनी दुसरं, मग तिसरं. रडारचा संगणक ठिपके जोडून वाट आखतो. चार सेकंदांत ७२० मीटर म्हणजे ताशी ६४८ किलोमीटर. पडद्यावर जेटच्या वेगानं जाणारं एक विमान तयार झालं, जे नाहीच. पुढच्या फेऱ्यात ते वळतं, मग नाहीसं होतं, मग दुसरीकडून निघतं. नियंत्रकाला खऱ्या विमानाला त्यापासून दूर ठेवावं लागतं, कारण ट्रान्सपाँडर (रडारला आपली ओळख कळवणारं यंत्र) न लावलेलं कुणी खरंच तिथं असू शकतं. नागरी नियंत्रक दुय्यम रडारवर, म्हणजे विमानाच्या उत्तरावर, बराचसा निभावून नेतो. हवाई संरक्षणाला ही सोय नाही. शत्रूचं विमान ट्रान्सपाँडर चालू ठेवून येत नाही.

खोट्या ठिपक्यांपेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे खरा ठिपका गायब होणं. प्रत्येक जागी किती जोराचा पडसाद आला की त्याला लक्ष्य मानायचं, हा उंबरठा रडार आजूबाजूच्या गोंगाटावरून सतत ठरवत असतं. अभियंते त्याला सीफार म्हणतात. शेजारी पवनचक्क्यांचा गोंगाट असला की उंबरठा आपोआप वर सरकतो, आणि खरं विमान त्याच्याखाली राहून जातं. पडद्यावर काहीच चुकीचं दिसत नाही. विमान दिसत नाही, एवढंच. खोटं विमान निदान कुणाच्या तरी नजरेला खटकतं. न दिसलेल्याची नोंदच होत नाही.

"विमानं तर वीस हजार फुटांवरून जातात, खाली दोनशे मीटरांच्या पवनचक्कीचा काय संबंध?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर रडारच्या जातीत आहे. जुनी द्विमितीय रडारं पंख्यासारखा उभा झोत टाकतात. अंतर आणि दिशा कळते, उंची नाही. त्यामुळे खालची पवनचक्की आणि तिच्या बरोबर वरचं विमान अंतर-दिशेच्या एकाच खणात पडतात. प्रकल्पावरचं सगळं आकाश, वरपर्यंत, आंधळं होतं. त्रिमितीय रडार बारीक झोत एकावर एक रचतं. तिथं खालचा झोत गढूळ होतो, वरचे बऱ्यापैकी स्वच्छ राहतात. पण क्रूझ क्षेपणास्त्र आणि ड्रोन खालूनच येतात, म्हणून हवाई संरक्षणवाल्यांना नेमका तो खालचाच झोत हवा असतो.

स्वीडनचा निर्णय यातून कळतो. ४ नोव्हेंबर २०२४ ला तिथल्या सरकारनं बाल्टिक समुद्रातले १३ पवन प्रकल्प एका फटक्यात नाकारले. संरक्षणमंत्र्यांनी दिलेलं कारण असं की क्षेपणास्त्र ओळखून प्रतिसाद द्यायला मिळणारी दोन मिनिटं एका मिनिटावर येतील. त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका प्रकल्पाला मात्र मंजुरी मिळाली. रशियाकडे तोंड असलेली बाजू आणि नसलेली बाजू, एवढाच फरक.

पहिल्या दिवशी करायचा हिशेब

जागेचा करार व्हायच्या आधी कागद-पेन्सिलीनं करता येईल असा एक हिशेब आहे. रडारची लहर पृथ्वीच्या वळणाबरोबर किंचित वाकते. ते धरून क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये काढायला उंचीचं, मीटरमधल्या, वर्गमूळ घ्यायचं आणि ४.१२ नं गुणायचं. अँटेना जमिनीपासून २० मीटरवर असेल तर १८.४ किमी. पवनचक्कीचं टोक २१२ मीटरवर असेल तर ६० किमी. बेरीज ७८ किमी. सपाट मुलखात एवढ्या अंतरापर्यंत रडार पात्याचं टोक बघू शकतं. आता तीच पवनचक्की भोवतालच्या मुलखापेक्षा ४०० मीटर उंच पठारावर ठेवा. ६१२ चं वर्गमूळ गुणिले ४.१२ म्हणजे १०२ किमी, अधिक १८.४. एकशेवीस किलोमीटर. "आम्ही विमानतळापासून शंभर किलोमीटर लांब आहोत" या वाक्याला सह्याद्रीत फारसा अर्थ नाही, तो यामुळे.

उलट सह्याद्री आडही येतो. पुण्याच्या दक्षिणेला पुरंदरची रांग आहे, तिच्या पलीकडे महादेवाची. म्हणून पुढची पायरी: प्रत्येक यंत्रापासून रडारपर्यंतचा जमिनीचा उभा छेद काढायचा. उपग्रहाच्या ३० मीटर जाळीच्या उंची-माहितीवर हे मोफत होतं. छेदात टोक डोंगराच्या खाली गेलं म्हणजे सुटलो असं मात्र नाही. धारेवरून लहर थोडी वाकून पलीकडे उतरते. त्यामुळे टोक धारेच्या रेषेला लागून असेल तर दिसतंच असं धरावं. ३० मीटरच्या जाळीत कड्याची धार बोथट होते, हेही लक्षात ठेवायचं. सह्याद्रीत एका खणात कडा आणि दरी दोन्ही बसतात. पठाराच्या कडेपासून यंत्र दोनशे मीटर आत सरकवल्यानं टोक आडोशाला गेलं, असंही होतं. वारा थोडा कमी मिळतो, पण रडारचा पूर्ण अभ्यास आणि त्यात जाणारा काळ वाचतो. हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचा असतो.

अंतराचे टप्पे युरोकंट्रोलनं, म्हणजे युरोपातल्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या संस्थेनं, आखून दिलेत. प्राथमिक, म्हणजे निव्वळ पडसादावर चालणाऱ्या, रडारपासून ५०० मीटरांच्या आत पवनचक्की नकोच, १५ किमीपर्यंत सविस्तर अभ्यास, त्यापुढे दृष्टिरेषेत असेल तर साधा अभ्यास. हे नागरी रडारपुरतं आहे. हवाई संरक्षणाच्या रडारला याहून लांबचंही बघायचं असतं आणि तिथल्या मर्यादा छापून येत नाहीत. सरळ विचारावं लागतं, आणि उत्तर "हो" किंवा "नाही" एवढंच येतं. कारण देत नाहीत. त्यावर चिडण्यात अर्थ नाही, कारण रडारला कुठे दिसत नाही हेच तर ते लपवत असतात.

अर्जातल्या चुका

फेटाळलेल्या किंवा परत आलेल्या अर्जांत तांत्रिक वादापेक्षा आकड्यांच्या चुका जास्त असतात. मासलेवाईक दोन सांगतो.

पहिली, नकाशाची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट एव्हरेस्ट आधारावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, काढलेले आहेत, आणि अर्जात अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ चे, म्हणजे जीपीएस वापरतं त्या आधारावरचे, लागतात. पुण्याच्या परिसरात दोन्हींत शंभर मीटरांहून थोडा जास्त फरक पडतो. जमीन मोजणीवाल्यानं टोपोशीटवरून उचललेला बिंदू तसाच अर्जात घातला, की कागदावर यंत्र शेजारच्या गटात जातं. शिवाय सेकंदाचा दशांश टाकून दिला की आणखी तीस मीटरपर्यंत घसरण होते, कारण अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे ३१ मीटर.

दुसरी जास्त घातक, उंचीची. जीपीएसला मुळात कळते ती लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली, उंची. समुद्रसपाटी ही वेगळी पातळी आहे, आणि पुण्याच्या भागात ती लंबगोलाच्या साठ मीटरांहून जास्त खाली जाते. म्हणजे जीपीएसचा कच्चा आकडा खऱ्या उंचीपेक्षा तेवढा कमी निघतो. लोहगावची समुद्रसपाटीपासूनची उंची ५९२ मीटर. दुरुस्ती न केलेलं यंत्र तिथं साधारण ५३० दाखवेल. पठाराची उंची १०५० च्या ऐवजी ९९० लिहिली आणि त्यात २१२ मिळवले, तर मंजुरी १२०२ ला मिळते आणि पातं फिरतं १२६२ ला. साठ मीटर म्हणजे वीस मजले. यंत्र उभं राहिल्यावर तपासणीत हे निघालं तर टॉवर कापता येत नाही. सर्वेक्षकाला विचारायचा प्रश्न एकच: "ही उंची कुठल्या बेंचमार्कवरून आणली?" (बेंचमार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की ठरलेली खूण.) उत्तर अडखळत आलं तर मोजणी पुन्हा करून घ्यावी.

उंची टोकाची द्यायची, हबची नव्हे, हे वेगळं सांगायला नको असं वाटतं. पण सांगावं लागतं.

तोडगे, आणि ते कुठे तोकडे पडतात

मांडणी बदलणं सगळ्यात स्वस्त. ५० किमीवर दीड अंशाच्या झोताची आडवी रुंदी सव्वा किलोमीटरच्या पुढे जाते, पण अंतराचा खण जुन्या रडारवरही दीडशे मीटरांचाच असतो. म्हणजे रडारला आडवं बघताना धूसर दिसतं आणि खोलीत बारीक. यंत्रांची रांग रडारच्या दिशेनं लांबट ठेवली तर ती थोड्याच दिशा अडवते, आणि दोन यंत्रांमधल्या जागेत विमान दिसू शकतं. आडवी पसरली तर सगळं गढूळ. साताऱ्यात इथं निसर्ग साथ देतो. पश्चिमेच्या वाऱ्यासाठी रांगा दक्षिणोत्तर लावायच्या असतात, पठारांच्या धाराही बऱ्याच ठिकाणी तशाच, आणि उत्तरेकडच्या रडारला त्या रांगा आपसूक लांबट दिसतात. डॉप्लरचा तोटा होतो तिथंच मांडणीचा फायदा होतो.

दुसरा तोडगा सॉफ्टवेअरचा. प्रकल्पाच्या क्षेत्रावर रडारला सांगायचं की इथं नवी वाट आपोआप सुरू करू नकोस, बाहेरून आत आलेली असेल तर पुढे चालव. भुताची विमानं यानं थांबतात. पण आतूनच वर उठलेलं हेलिकॉप्टर किंवा ड्रोन दिसत नाही. नागरी विमानतळाला हे चालतं, हवाई संरक्षणाला चालेलच असं नाही.

तिसरा, आंधळ्या तुकड्यासाठी दुसरं रडार लावणं. खर्च कुणाचा, यावर सगळं अडतं. ब्रिटनमध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर ट्रिमिंगहॅमला बारीक झोताचं टीपीएस-७७ रडार आलं, त्यात पवन कंपन्यांचा पैसा होता. समुद्रातले प्रकल्प मोठे होत गेले तसा तो तोडगा अपेक्षेइतका पुरला नाही, आणि २०२० पासून ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाला नव्या तंत्रासाठी स्पर्धा घ्याव्या लागल्या. एस्टोनियानं उलट केलं. रशियाच्या सीमेलगतच्या इदा-विरू भागात पवनचक्क्या उभ्या राहाव्यात म्हणून जादा रडारचा खर्च सरकारनंच उचलला. मला एस्टोनियाचा हिशेब जास्त पटतो. रडार देशाचं असतं, पंचवीस वर्षांनी प्रकल्प मोडला तरी ते राहतं.

अमेरिकेत ऑरेगनच्या शेफर्ड्स फ्लॅट या ८४५ मेगावॉटच्या प्रकल्पाला २०१० मध्ये अगदी बांधकामाच्या तोंडावर हवाई दलाची हरकत आली. मुद्दा फॉसिल गावाजवळच्या लांब पल्ल्याच्या जुन्या रडारचा होता. रडार सुधारता येतं हे तज्ज्ञांनी दाखवल्यावर काही आठवड्यांत हरकत उठली. पुढे कायदा करून संरक्षण खात्यात अशा अर्जांसाठी एकच खिडकी झाली. खिडकीचा फायदा मंजुरी लवकर मिळण्यात तर आहेच, नकार लवकर मिळण्यातही आहे. कर्ज मंजूर झाल्यावर आलेला नकार प्रकल्प बुडवतो. मोजणीच्या आधी आलेला नकार फक्त एक टेकडी बदलायला लावतो.

पात्यांनाच रडारशोषक करणं हा चौथा मार्ग. फ्रान्समध्ये पेर्पिन्याजवळ ३५ यंत्रांचा प्रकल्प अशा पात्यांनी उभा राहिला, २०१६ मध्ये. तिथला वाद हवामान रडारशी होता. शोषक थर ठरावीक तरंगलांबीपुरताच असतो. एका रडारसाठी बनवलेलं पातं दुसऱ्या बँडच्या रडारला पुन्हा दिसतं, शिवाय मनोरा पोलादीच राहतो.

आणि पाचवा, हाक आली की यंत्र बंद करणं. पाती वाऱ्याला समांतर वळवली की रोटर मिनिटाभरात मंदावतो. थांबलेली पवनचक्की रडारला मोबाइल टॉवरसारखी, म्हणजे गाळता येण्यासारखी. करारात तीन गोष्टी नसतील तर हा तोडगा कागदावरच राहतो: वर्षाला जास्तीत जास्त किती तास, बुडालेल्या युनिटचं काय, आणि आदेश देणारा फोन कुणाचा. संपर्काची लाइन दर महिन्याला चालवून बघायची. गरज पडेल त्या रात्री वादळानं फायबर तुटलेलं असतं.

खालून उडणारे

रडार बाजूला ठेवलं तरी हेलिकॉप्टर उरतं. त्याच्या वैमानिकाला पवनचक्कीपेक्षा तिच्या आधी येणारा वारामापक खांब जास्त घाबरवतो. शंभर-सव्वाशे मीटर उंच, हाताच्या कवेत मावेल एवढा बारीक, चारी बाजूंनी तारांचे ताण, दोन-चार दिवसांत उभा राहतो आणि दोन वर्षांत निघतो. नकाशावर यायच्या आधी गेलेलाही असतो. उजेडात खांब दिसला तरी तारा दिसत नाहीत, आणि त्या खांबापासून पन्नास-साठ मीटर बाहेर पसरलेल्या असतात. नारिंगी-पांढरे पट्टे, ताणाच्या तारांवर रंगीत गोळे आणि वर दिवा, एवढा खर्च खांबाच्या किमतीपुढे नगण्य आहे. टाळला जातो तो आळसानं.

दिव्यांची एक खोच आहे. १५० मीटरांवरच्या यंत्राला आंतरराष्ट्रीय नियमांनी नॅसेलवर मध्यम तीव्रतेचा दिवा, त्याला जोड म्हणून दुसरा, आणि मनोऱ्याच्या निम्म्या उंचीवर कमी तीव्रतेचे दिवे लागतात. रात्री उडणारे लष्करी वैमानिक नाइट व्हिजन चष्मा लावतात. कॉकपिटमधल्या दिव्यांनी चष्मा दिपू नये म्हणून त्यावर चाळणी असते, आणि प्रचलित प्रकारात ती ६६५ नॅनोमीटरच्या खालचा उजेड अडवते. लाल एलईडी दिव्याचा उजेड नेमका ६२०-६४० च्या आसपास. जुना फिलामेंटचा दिवा अवरक्त उजेडही भरपूर टाकायचा, म्हणून चष्म्यातून लख्ख दिसायचा. वीज वाचवायला एलईडी लावला आणि उघड्या डोळ्यांना ठळक असलेला दिवा चष्म्यातून विझला. उपाय सोपा आहे: ८००-९०० नॅनोमीटरचे अवरक्त एलईडी त्याच घरात बसवलेला दिवा मागवायचा. खरेदीच्या कागदावर एक ओळ वाढते. दिवा नॅसेलवर असतो आणि पातं त्याच्या ७२ मीटर वर जातं, हे मात्र वैमानिकानंच लक्षात ठेवायचं.

जमिनीखालूनही एक वाद येतो, फार कमी लोकांना ठाऊक असलेला. स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूरला भूकंपमापकांची मांडणी आहे, जगात कुठे अणुचाचणी झाली तर ऐकायला. पवनचक्कीचा थरथराट टॉवरमधून काँक्रीटच्या पायात आणि तिथून खडकात उतरतो. त्यामुळे तिथं १० किमीच्या आत पवनचक्क्या नाहीत, आणि ५० किमीच्या आतल्या सगळ्या यंत्रांनी मिळून ०.३३६ नॅनोमीटरपेक्षा जास्त थरथर करायची नाही अशी मर्यादा ठरली. आधी आलेल्यांनी कोटा खाऊन टाकला आणि मागचे कित्येक वर्षं रांगेत बसले. एस्कडेलम्यूरचं भावंड आपल्याकडे आहे, कर्नाटकात गौरीबिदनूरला, १९६५ पासून, भाभा अणुसंशोधन केंद्राचं. कर्नाटक वाऱ्याचं राज्य आहे, म्हणून हा आकडा तिकडच्या विकासकांनी वहीत लिहून ठेवावा.

आपल्याकडे सीमेवर वेगळंच चित्र दिसतं. कच्छमधल्या खावड्याच्या ३० गिगावॉटच्या मूळ आराखड्यात सौर पट्टा सीमेपासून सहा किलोमीटर मागे ठेवला आणि एक ते सहा किलोमीटरचा पट्टा फक्त पवनचक्क्यांना दिला. समुद्रातल्या प्रकल्पांसाठी २०१५ च्या धोरणानं संरक्षण मंत्रालयाची संमती अगदी पहिल्या टप्प्यात आणून ठेवली, मोजणी सुरू व्हायच्या आधी. जमिनीवर असा क्रम सगळीकडे पाळला जात नाही. इथं आधी जमीन, मग वीजजोडणी, मग रस्ता, आणि संरक्षणाचा कागद सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला तर खर्च तेवढाच राहतो. अडकून पडलेली रक्कम तेवढी कमी होते.

दाखला हातात आल्यावरही एक फट उरते. टॉवर उभा राहतो, नॅसेल चढतं, पाती लागतात, आणि उपकेंद्राची लाइन मात्र चार महिने मागे असते. यंत्राला वीज नाही म्हणजे दिव्यालाही नाही. दोनशे मीटर उंचीचा अंधारा मनोरा पावसाळ्याच्या ढगात उभा असतो, दाखल्यावर "दिवा बसवला" अशी नोंद झालेली असते. टॉवरचा शेवटचा तुकडा चढवताना त्याच्यासोबतच सौरपट्टीवर चालणारा, चार-पाच ढगाळ दिवस पुरेल एवढ्या बॅटरीचा तात्पुरता दिवा वर न्यायचा. लाइन चालू झाली आणि कायमचा दिवा सलग आठवडाभर पेटलेला पाहिला, की मगच तो उतरवायचा.